घट्ट विणीच्या ताट्या

माझ्या वडिलांनी जन्मात जे सगळ्यांत सुबक काम केलं, त्याला आमच्या गल्लीतल्या झाडून सगळ्या विणकरांनी माना डोलावल्या, आणि त्याच कामामुळे नागपूरच्या इतवारीतल्या एका वयस्कर मुनीमजींना भोवळ आली. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी झाल्या. मुनीमजी नंतर बरीच वर्षं जगले आणि रस्त्यात भेटले की माझी आपुलकीने चौकशी करत, तेव्हा त्यांच्याविषयी आता कोणी वाईट वाटून घेऊ नये. वाईट वाटायचं ते बाबांविषयी, आणि तेही तेव्हा आम्हाला उघडपणे वाटून घेता आलं नाही.

आम्ही उमरेडचे कोष्टी. नागपूरला आलो ते आईच्या हट्टामुळे. बाबा आले असं म्हणता येणार नाही, त्यांना आणलं गेलं. उमरेडच्या घरात आमचा माग होता, पण सूत देणारा व्यापारी कधी सूत देई, कधी रिकाम्या हाताने परत पाठवी. मग माग कितीतरी दिवस चादर पांघरून पडून राही आणि बाबा सकाळी अंघोळ करून त्याच्या शेजारी जाऊन बसत, आजारी माणसापाशी बसावं तसे. आई लग्न होऊन आली त्या आठवड्यापासून कांड्या भरत होती. कांडी म्हणजे धोट्यात बसवायची सुताची लहानशी गुंडाळी. लुगडं विणतो तो पुरुष, लोक वाखाणतात ते त्याला, आणि कांड्या भरणारी बाई कोणाच्या खिजगणतीत नसते. आईच्या आधी आजीने भरल्या होत्या, आईच्या मागून मी भरणार हे धरून चाललेलं होतं. आईला ते मोडायचं होतं. तिने हे असं कधी बोलून दाखवलं नाही. ती एवढंच म्हणायची, "मले आता कांडी पाह्यली का पोटात कसंतरीच होते."

आईची धाकटी बहीण कन्हानला दिली होती, तिचा नवरा कोळशाच्या खाणीत होता. तिथल्या बाया नदीकाठचा वाळा खणून काढत, धुऊन वाळवत आणि उन्हाळ्यात त्याच्या ताट्या बांधून विकत. ताटी म्हणजे बांबूच्या चौकटीत वाळ्याच्या मुळ्या पसरून बांधलेला पडदा. दारात टांगायचा, त्यावर पाणी मारायचं, आणि बाहेरची आग ओकणारी हवा त्यातून आत आली की गार होऊन, वास घेऊन येते. नागपूरच्या उन्हाळ्यात ज्याची ऐपत होती त्याच्या दारात ताटी असे, आणि ज्याची नव्हती तो त्या दारावरून जाताना जरा हळू चाले. आईने बहिणीकडे आठ-दहा दिवस राहून ते काम शिकून घेतलं आणि परत येऊन बाबांना सांगितलं की आपण नागपूरला जायचं. बाबांनी तिला किती दिवस टोलवलं ते मला आठवत नाही, पण शेवटी जेवता जेवता ते म्हणाले ते शब्द मला पाठ आहेत.

"एक उन्हाळा. जमलं तं जमलं. नाही तं पावसाच्या आंधी परत, अन् मंग या गोष्टीचं नाव नाही काढाचं. कांड्या भराच्या गुपचूप."

"हव," आई म्हणाली आणि त्यांना आणखी भाकर वाढली.

आम्ही तांडापेठेत एक खोली घेतली. आता गंमत अशी की मागापासून पळून आईने जिथे बिऱ्हाड केलं, ती सगळी वस्तीच विणकरांची. आमच्या भिंतीपलीकडे महादेवकाकांचा माग होता. सकाळी उजाडलं की खट्‌खटाक्‌ सुरू, तो दिवेलागणीपर्यंत. मला त्या आवाजाशिवाय झोप येत नसे आणि आईचं त्या आवाजाने डोकं उठे. बाबा मात्र भिंतीला पाठ लावून तासन्‌तास ऐकत. मधेच म्हणत, "धागा तुटला." मग पलीकडचा आवाज थांबे. किंवा म्हणत, "आज महादेवभाऊचं मन नाही कामात." एकदा तर भिंतीवर थाप मारून त्यांनी ओरडून सांगितलं, "भाऊ, डावी पावडी पाहा तुमची!" पावडी म्हणजे मागाची पायाने दाबायची पट्टी. पलीकडून जरा वेळाने उत्तर आलं, "पाह्यली गा, बराबर हाय तुयं." त्या दिवसापासून बाबांना गल्लीत मान मिळू लागला. कमाई मात्र आई करत होती.

खोलीत आम्ही तिघं आणि वाळा. वाळ्याचे भारे आढ्यापर्यंत रचलेले, त्यामुळे पाय पसरून झोपायचं असेल तर आळीपाळीने झोपावं लागे. भाकरीला वाळ्याचा वास, अंबाडीच्या भाजीला वाळ्याचा वास, माझ्या वेणीला वाळ्याचा वास. शाळेत माझ्याशी कधी न बोललेल्या मुली उन्हाळ्यापुरत्या माझ्या बाकावर बसायला भांडू लागल्या. हल्ली माझी सून वाळ्याचं अत्तर आणते, लहानशा कुपीत, जपून वापरते. तिला तो वास श्रीमंती वाटतो. मला तो आला की डाळकांद्याची भूक लागते, कारण आई बहुतेक दिवस तेवढंच करी, वर भिवापुरी मिरचीचा ठेचा, आणि आम्ही तिघं नाकाडोळ्यांतून पाणी गाळत जेवत असू. उन्हाळ्यात तिखट खाऊन घाम काढला की अंग गार पडतं, असं आईचं शास्त्र होतं. ताट्या विकणाऱ्या बाईने असं शास्त्र बाळगणं धंद्याला बरं नव्हतं, पण ते तिच्या कधी ध्यानात आलं नाही.

विकायला आम्ही दोघी जात असू. हातगाडी भाड्याची, पुढे आई, मागून मी ढकलणार. दारात उभं राहून बोलायचं काम माझं, कारण मी शाळेत जात होते आणि आईच्या मते मला "शुद्ध" येत होतं. मी पाठ केलेलं भाषण घडाघडा म्हणे आणि शेवटी आई मागून फक्त एकच वाक्य टाके, "हात लावून पाहा बाई, हाताले पैसे नाही लागत." भाषणापेक्षा त्या वाक्याने जास्त ताट्या गेल्या. एका दवाखान्यात एक गेली, एका खानावळीत दोन. बाबांनी या सगळ्यात बोट घातलं नव्हतं. आई ताट्या बांधत असली की ते तोंड फिरवून बसत. आई बांबूच्या कमच्यांत वाळा मोकळाढाकळा पसरे आणि सुतळीने जागोजाग गाठी मारे. ताटी उजेडात धरली की आरपार दिसे.

"ही काय वस्तू झाली?" बाबा एकदा न राहवून म्हणाले. "हे तं कुंपण हाय."

"लोक कुंपणच मांगून राहिले," आई म्हणाली.

मग दवाखान्यातली ती ताटी इतवारीतल्या एका कापडाच्या सेठजींनी पाहिली. त्यांची पेढी मोठी, लुगड्यांचा घाऊक व्यापार, लग्नसराईत आत पाय ठेवायला जागा नसे. तीन दारं, तिन्ही रस्त्यावर. सेठजींनी निरोप धाडला की तिन्ही दारांना ताट्या पाहिजेत, आणि पसंत पडल्या तर ओळीतल्या सगळ्या पेढ्यांना आपण सांगू. आईने तो निरोप आणणाऱ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतला. ओळीतल्या सगळ्या पेढ्या म्हणजे आमचा उन्हाळा निभावला, आणि उन्हाळा निभावला म्हणजे उमरेडला परत जायचं नाही. त्या दिवशी तिने भाताबरोबर वडे केले, जे आमच्याकडे सणाशिवाय होत नसत.

खरी गडबड झाली ती पेढीच्या नावाने. बाबांनी ते नाव ऐकलं आणि ताठ झाले. उमरेडची लुगडी ज्या पेढीवर येत, तीच ही पेढी. बाबांनी विणलेला माल व्यापाऱ्याच्या हातून कितीतरी वर्षं तिथेच गेला होता, पण बाबांनी ती पायरी कधी पाहिली नव्हती. ते उठले, हात धुतले आणि म्हणाले, "त्या पेढीवर कुंपण नाही लागाचं. मी विणतो."

आईने चौकट त्यांच्यापुढे सरकवली. महिनाभर भिंतीला टेकून बसलेला माणूस उठला होता. बाबांनी चौकटीत सुतळीचा ताणा, म्हणजे उभे धागे, भरला, मागावर भरतात तसा, एकसारखा, बोट घातलं तर वाजेल असा ताठ. वाळ्याच्या मुळ्या भिजवून, विंचरून त्यांच्या बारीक जुड्या केल्या. आणि त्या जुड्या ताण्यातून एक वर एक खाली अशा घालत, प्रत्येक जुडीवर लाकडी फळीने ठोका देत ते ताटी विणू लागले. पलीकडे महादेवकाकांचा माग आणि अलीकडे बाबांची फळी, दोघांचा ठेका जुळला की बाबा गालात हसत. मी त्यांना उमरेडमध्येही असं हसताना पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी वाळ्याच्या जुड्या त्यांच्या हाताशी देता देता गाणी म्हणत होते.

आई बाजूला बसून पाहत होती. पहिली ताटी निम्मी झाली तेव्हा ती हळूच म्हणाली, "कन्हानच्या बाया जराशी सैल ठेवतात म्हणे."

"सैल ठेवाची असन तं तूच कर," बाबा म्हणाले, पण रागाने नाही. ते इतके खुशीत होते की आई पुढे बोललीच नाही. तिला सगळं समजत होतं. ती गप्प बसली ती भिऊन नव्हे. पुष्कळ वर्षांनी तिने मला सांगितलं, "तुया बापाले हसताना पाहू का हवेचं पाहू, असं झालं होतं मले."

ताट्या झाल्या आणि बाबांनी त्या गल्लीत भिंतीला लावून उभ्या केल्या. विणकर गोळा झाले. कोणी पाठीमागे जाऊन उन्हाकडे पाहिलं, कोणी नखाने वीण खरवडली. महादेवकाकांनी डोळा लावून फट शोधली आणि त्यांना ती सापडली नाही. "टाचणी जात नाही गा," ते म्हणाले. आमच्यात याहून मोठी शाबासकी नाही. तिथे जमलेल्यांपैकी एकाचाही जन्म दुसऱ्या धंद्यात झालेला नव्हता, त्यामुळे टाचणी जात नाही तिथून वारा कसा जाईल, हा प्रश्न कोणाच्या डोक्यात आला नाही.

आम्ही तिघांनी मिळून त्या पेढीवर नेल्या. सेठजी गादीवरून उठून आले. त्यांनी ताटीची कड अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून चोळून पाहिली, लुगड्याचा पोत पाहतात तशी. "वा! ये तो कोष्टी का काम है," ते म्हणाले. बाबांनी मान खाली घातली, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. तिन्ही दारांना ताट्या लागल्या, हमालांनी पाणी मारलं, वास रस्त्याच्या टोकापर्यंत गेला. आम्ही घरी आलो, बाबा पोटभर जेवले आणि आडवे झाले.

दुपारी हमाल बोलवायला आला. आम्ही तिघं गाडी घेऊन गेलो तर सेठजी रस्त्यावर बसलेले, भर उन्हात, गादी पेढीच्या पायरीवर ओढून आणलेली आणि डोक्यावर एकाने छत्री धरलेली. बाजूला मुनीमजींना निजवलं होतं आणि कोणीतरी त्यांच्या तळपायाला कांदा चोळत होतं. गिऱ्हाईक सगळं समोरच्या पेढीवर गेलेलं होतं, तिथे कसलीच ताटी नव्हती. सेठजी ओरडले नाहीत. ते म्हणाले, "कोष्टीजी, एक बार अंदर बैठके आओ."

बाबा आत गेले, मागून मी. आत अंधार होता आणि वाफ होती. बाहेर वारा सुटलेला आवाज येत होता, पण आत कपाळावरचा केस हलत नव्हता. तिन्ही दारं बंद केल्यावर खोली उरते तशी ती पेढी झाली होती, वर भिजलेली. बाबा ताटीपाशी गेले, हात लावला, डोळा लावला.

"कुठं फट तं नाही," ते मला म्हणाले.

"नाही बाबा."

"उजेड नाही येऊन राहिला."

"नाही."

"मंग तक्रार कायची हाय?"

 जन्मभर ज्या गोष्टीसाठी त्यांनी डोळे शिणवले, तीच चूक झाली होती. मी म्हणाले, "बाबा, हवा येत नाही." त्यांनी पुन्हा एकदा ताटीवरून हात फिरवला. त्यांच्या मानेवरून घाम ओघळत होता, तो त्यांनी पुसला नाही. मग त्यांच्या तोंडावर जे आलं ते मी पाहिलं आणि माझी नजर आपोआप जमिनीकडे गेली.

बाहेर सेठजी आईला सांगत होते की ताट्या उचला, चौकातल्या दुसऱ्या माणसाच्या मागवतो. आई हात जोडून म्हणत होती, "जराशी सवड द्या सेठजी, आताच्या आता नीट करून देतो."  ती एकटी होती त्या रस्त्यावर, आणि तिच्या मागे उमरेडची सगळी वर्षं उभी होती. सेठजींनी छत्रीवाल्याकडे पाहिलं, मुनीमजींकडे पाहिलं आणि म्हणाले, "करो." आईने गाडीवरचा विळा घेतला आणि ती पहिल्या ताटीला हात घालणार तोच बाबा आतून आले.

"हात नको लावू वं."

मला वाटलं आता भांडण होणार, ताट्या घेऊन बाबा सरळ बसस्टँड गाठणार. आमच्या घरात विणलेलं उसवत नसत. चूक झाली तर ती तशीच विणून पुढे जायचं, पण माघारी फिरायचं नाही, असं आजोबांनी बाबांना शिकवलं होतं. बाबांनी ताटी दारातून काढली, रस्त्याच्या मधोमध मांडी घातली, ताटी मांडीवर घेतली आणि आपल्या हाताने एक एक जुडी उपसून काढू लागले. एक काढायची, एक ठेवायची. हातगाड्या थांबल्या. हमाल डोक्यावरचं ओझं न उतरवता पाहत उभे राहिले. समोरच्या पेढीवरचं गिऱ्हाईक पायरीवर आलं. बाबा मान वर न करता उपसत होते आणि काढलेली प्रत्येक जुडी माझ्या ओच्यात टाकत होते. मला रडू फुटलं. आई माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती.

तिन्ही ताट्या परत टांगल्या तेव्हा त्या आईच्या ताट्यांसारख्याच दिसत होत्या, कुंपण. हमालाने पाणी मारलं. पहिली झुळूक आली आणि सेठजींनी आत गादीवर बसून डोळे मिटले. "अब आई," ते म्हणाले. मुनीमजी उठून बसले. ओळीतल्या दोन पेढ्यांची माणसं तिथेच आईला विचारू लागली, आमच्याकडे कधी आणता म्हणून. आई त्यांना उत्तरं देत होती आणि डोळ्यांनी बाबांना शोधत होती. बाबा नळावर हात धूत होते. फार वेळ धुतले. मग आईजवळ येऊन ते म्हणाले, "उमरेडले जाऊन येतो," आणि चालू लागले.

जाऊन येतो म्हणाले, पण कधी ते सांगितलं नाही, आणि आईने विचारलं नाही. त्यानंतरच्या दिवसांत आम्ही दोघींनी जितक्या ताट्या बांधल्या तितक्या नंतर कधी बांधल्या नसतील. धंदा चालला होता, इतका की बोलायला फुरसत नव्हती, आणि आईच्या तोंडावर त्याचा काडीचाही आनंद नव्हता. महादेवकाका भिंतीपलीकडून विचारत, "आला काय वं तुयावाला?" आई म्हणे, "येतीन." रात्री ती भाकरी मोजून न करता बाबांच्या वाटणीच्याही करी आणि सकाळी आम्ही त्या शिळ्या खाऊ. मला एकदा वाटलं, आता आई म्हणेल की चल, बांध सामान. ती जिंकली होती आणि तिला ते जिंकणं नकोसं झालं होतं, हे माझ्यासारख्या पोरीलाही कळत होतं.

बाबा आले ते भर दुपारी, हातगाडीवर लाकडं लादून. एसटीच्या टपावरून आणली म्हणाले, कंडक्टरशी भांडून. गाडी दारात उभी करून त्यांनी पाणी मागितलं, तांब्या रिकामा केला आणि लाकडं एक एक करून उतरवली. जुनं सागवान, हातापायांनी घासून घासून गुळगुळीत झालेलं. एका तुळईवर, आजोबा दसऱ्याला मागाची पूजा करताना जिथे हळदकुंकू लावत तिथे, लाल डाग अजून होता. आईने तो पाहिला आणि उंबरठ्यावरच बसली.

"हे काय आणलं?" तिने विचारलं. तिला दिसत होतं काय आणलं ते.

"लाकूड," बाबा म्हणाले. "तुया ताटीचा बांबू पाण्यानं वाकते. याले काही होत नाही."

त्यांनी महादेवकाकांची करवत मागून आणली आणि कापायला बसले. पलीकडचा माग थांबला होता. तीन चौकटी निघाल्या, उरलेल्याचे पाट झाले. आई पदराने चौकटी पुसत होती आणि रडत होती, मोठ्याने, लाज न धरता. मी तिला आधी कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"या तीन विकाच्या नाही," ती म्हणाली. "सांगून ठेवतो."

"विकाच्या नाही तं काय, पुजाच्या हाय?" बाबा म्हणाले आणि त्यांनी पहिली चौकट गुडघ्यावर ओढून घेतली. "वाळा आण वं."